खटक्याचा चाकू

चांदकड्याच्या माथ्यावर उजाडू लागले, म्हणजे आधी पूर्वेचा बुरूज तांबूस होई, मग तटाची लांबलचक रेघ उमटे, आणि पायथ्याच्या छावणीत घोड्यांना दाणावैरण पडून गेल्यावर गडावरच्या घरांतून एकेक धूर वर चढू लागे. आणि हे धूर मोजण्यासाठी विसाजीपंत चिटणीस रोज आपल्या राहुटीच्या दाराशी, दोन पहारेकऱ्यांच्या मध्ये, घोंगडी पांघरून बसलेले असत. वेढा पडला तेव्हा धूर चाळीस होते. ही गोष्ट सुरू होते त्या दिवशी सव्वीस भरले. पंतांचे कुटुंब उमाबाई आणि विधवा मुलगी भागीरथी त्यांतल्या कुठल्या धुराखाली आहेत, हे खालून कळायला मार्ग नव्हता.

गडावरचे पाणी उन्हाळाभर पुरणार नाही, कुमक त्वरेने पाठवावी, हे धन्याच्या कानी घालण्यासाठी पंत साठाव्या वर्षी दोर धरून कडा उतरले होते, आणि तिसऱ्या कोसावर सरदार रायाजीराव खंडागळ्यांच्या स्वारांच्या हाती सापडले होते. बरोबरच्या दोन जासुदांपैकी एक निसटला. झटापटीत गडाचा शिक्का शत्रूला मिळाला आणि पंतांच्या कमरेचा चाकू ओढ्यात पडला. शिक्का गेल्याचे त्यांना फारसे दुःख नव्हते, कारण निघताना त्यांनीच किल्लेदार मानाजी थोरवे यांना बजावले होते की शिक्का लुटता येतो, माणूस फोडता येतो, तेव्हा माझ्या हातचे अक्षर दिसेल तरच दरवाजा उघडावा. चाळीस वर्षे मोडी घोटलेल्या माणसाचा तो अभिमान होता, दुसरे काय! दुसऱ्या जासुदाने मार खाऊन हेही सांगून टाकले, आणि पंतांचा उजवा हात म्हणजे गडाची किल्ली, हे रायाजीरावांना कळून चुकले. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, असे पंत मनाशी रोज म्हणत.

रायाजीराव कठोर होते, पण उथळ नव्हते. कौल देऊन, म्हणजे अभयाचे वचन देऊन घेतलेल्या गडावरच्या माणसांच्या केसाला ते धक्का लावीत नसत. हिकमतीने किंवा हल्ल्याने घेतलेला गड मात्र फौजेला लुटीला मिळे, आणि मागल्या साली अशा एका गडावर बायकापोरेसुद्धा उरली नव्हती. त्यांना पंतांकडून पत्र हवे होते ते एवढेच: कुमक आली आहे, पहाटे खालचा दरवाजा उघडावा. पंतांनी नकार दिला असता तर त्यांचे डोके उडाले असते, आणि मग कुणा कारकुनाकडून अक्षराची नक्कल करवून घेतली गेली असती. नक्कल कदाचित फसलीही असती, कदाचित नाही. तो भरवसा पंतांना धरवेना.

म्हणून त्यांनी पत्र लिहिण्याचे कबूल केले आणि चाकू मागितला.

मागणी खरीच होती. बोरूचे टोक ज्या कलाने कापावे तशी ओळ जाड-बारीक उतरते. आणि जुना चिटणीस आपला बोरू दुसऱ्याला कापू देत नाही, दुसऱ्याच्या चाकूने आपणही कापत नाही. छावणीच्या कारकुनाने बोरू कापून दिला, पंतांनी दोन ओळी लिहिल्या, आणि पकडलेल्या जुन्या पत्रांशी ताडून पाहता कारकुनानेच अक्षर जुळत नसल्याचे सांगितले. रायाजीराव स्वतः दुसऱ्याची तलवार हाती धरीत नसत, त्यांना हे पटले. त्यांनी छावणीतला हुसेन शिकलगार बोलावून पंतांना हवा तसा चाकू घडवून देण्याचा हुकूम केला.

पंतांना चाकूपेक्षा दिवस हवे होते. निसटलेला जासूद धन्यापर्यंत पोचला असेल, तर पंधरा दिवसांत कुमक घाटाखाली उतरणार होती. पंधरा दिवस चाकूवर कसे काढायचे, याची त्यांना काडीइतकीही कल्पना नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी पाते चार बोटांचे मागितले, दुसऱ्या दिवशी साडेतीन बोटांचे. पाठ जाड हवी होती, मग बारीक. पाते नखाने उघडायची खाच आधी डावीकडे, मग उजवीकडे, आणि शेवटी मुळीच नको. मूठ शिसवीची झाली ती घामाने निसटते म्हणून परत गेली, म्हशीच्या शिंगाची झाली ती हाताला थंड लागते म्हणून परत गेली. हुसेन पन्नाशीचा, मितभाषी माणूस होता. तीस वर्षे फौजेच्या तलवारी घासून त्याची नखे काळी पडली होती. दुसरी मूठ परत आली तेव्हा त्याने पंतांकडे एकदा नीट पाहिले, मग कड्याकडे पाहिले, आणि त्याच्या ध्यानात सगळे आले. त्याने ताकास तूर लागू दिली नाही. उलट पहारेकऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो विचारू लागला की मुठीला खिळे पितळी हवे की तांब्याचे, पात्यामागची कमान कडक हवी की नरम, पोलादाला पाणी तेलात द्यायचे की ओढ्याच्या पाण्यात. आणि पंतही प्रत्येक प्रश्नावर दिवसभर विचार करू लागले. दोघे एकमेकांशी त्यापलीकडे एक शब्दही बोलले नाहीत. एवढी जिवाभावाची मैत्री पंतांनी उभ्या जन्मात केली नव्हती, असे मला वाटते.

बारा दिवस असे गेले. धूर अकरा उरले.

तेराव्या सकाळी रायाजीराव स्वतः राहुटीत आले. त्यांनी पंतांना मुजरा केला, कारण वयाचा मान ते राखीत असत.

"पंत, आपल्या धन्याच्या दरबारातून आमच्याकडे बातमी आली आहे," ते म्हणाले. "आपला जासूद पोचला. पण कारभाऱ्यांचे आणि फडणिसांचे वाकडे आहे, आणि मानाजी थोरवे पडला फडणिसांचा माणूस. कुमक निघालेली नाही. निघणारही नाही. उद्या सकाळी आम्हांस पत्र हवे."

पंतांनी मान खाली घातली. शत्रू खोटे बोलत असेल अशी आशा धरावी, तर कारभाऱ्यांना ते पुरते ओळखून होते. वीस वर्षे ज्यांची पत्रे लिहिली, त्यांनी आपसातल्या हेव्यापायी गड आणि गडावरची माणसे वाऱ्यावर सोडली होती. म्हाताऱ्याच्या हाती काय होते? लिहावे तर कत्तल, न लिहावे तर नक्कल, आणि आपली पकडलेली जुनी पत्रे कारकुनाने गेले बारा दिवस गिरवायला घेतली आहेत, हेही त्यांनी पाहिले होते. मानाजीने यापुढे आपल्या अक्षरातले कुठलेच पत्र खरे मानू नये, एवढी एकच वाट उरली होती.

दुपारी हुसेन सांबरशिंगाची मूठ घेऊन आला. पंतांनी ती हातात फिरवली आणि प्रथमच नाव ठेवले नाही.

"याला खटका बसवा," ते म्हणाले. "पाते उघडले की अडकून बसले पाहिजे. जोर दिला तरी मिटता कामा नये."

"पंत, बोरूला खटका लागत न्हाई. बोरू कापताना जोर पडतो कुठं?"

"आणि मुठीचा साचा या हाताचा घ्या."

त्यांनी डावा हात पुढे केला. हुसेनने मेण मळून त्यांच्या तळव्यात ठेवले आणि वरून त्यांची बोटे मिटवली, आणि मांडीवरच्या त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिले.

"म्या न्हाई म्हणलो तर?" त्याने हळूच विचारले.

"तर कारकुनाच्या चाकूने करावे लागेल. तो बोथट आहे."

हुसेनने मेण उचलले. संध्याकाळपर्यंत त्याच्या भट्टीचा भाता थांबला नाही, आणि पात्याला त्याने स्वतःच्या हाताने असे पाणी दिले की तसे त्याने कुठल्या सरदाराच्या तलवारीलाही दिले नव्हते. दुसरे काही करण्यासारखे त्याच्याकडे नव्हते.

सकाळी सदरेच्या डेऱ्यात बैठक मांडली गेली. रायाजीराव लोडाला टेकून बसले, कारकुनाने कागद आणि दौत पुढे ठेवली, आणि पहारेकरी दाराशी उभे राहिले. पंतांनी चाकू उघडला, खटका बसला, आणि उजव्या हाताने त्यांनी बोरूला असा एक काप दिला की कारकुनाच्या तोंडून नकळत वाहवा निघाली.

"रायाजीराव," पंत म्हणाले, "चांदकड्याच्या किल्लेदारास पत्राऐवजी हे पाठवावे. माझ्या हातचे आहे."

मग चाकू डाव्या हातात गेला. उजवा हात त्यांनी लिहिण्याच्या पाटावर ठेवला आणि अंगठ्याच्या सांध्यावर पाते रोवून सगळा भार दिला. पाते मिटले नाही. कुणी धावून जाईपर्यंत काम झाले होते आणि कोरा कागद कामातून गेला होता.

हुसेन डेऱ्याबाहेर उभा होता. त्याला आतून फक्त दौत लवंडल्याचा आवाज आला.

रायाजीराव लोडावरून उठले. बोरू कापायच्या चाकूला खटका कुणी बसवला, असे त्यांनी विचारले, आणि हुसेनने आत येऊन आपणच, असे सांगितले. त्याची हत्यारे हिसकावून त्याला छावणीबाहेर घालवून देण्यात आले. पंतांना मात्र त्यांनी आपल्या पालखीतून गडाच्या पायथ्याशी नेऊन तटावरून दिसतील असे उभे केले. त्यांचा बांधलेला हात मानाजीने पाहिला, तेव्हा यापुढे पंतांचे पत्र येणार नाही, हे वर कळले. रायाजीरावांनी असे का केले, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही.

गड आणखी एकोणीस दिवस झुंजला. विसाव्या दिवशी टाक्यांत चिखलही उरला नाही, तेव्हा मानाजीने कौल मागितला आणि रायाजीरावांनी तो पाळला. दोनशेहून अधिक माणसे आपल्या पायांनी खाली आली. त्या एकोणीस दिवसांत पाण्यावाचून त्रेसष्ट माणसे गेली होती. उमाबाई सतराव्या दिवशी गेल्या.

पंत त्यानंतर सात वर्षे जगले. आपण माणसे वाचवली की नुसती त्यांची तहान लांबवली, हे त्यांनी भागीरथीला पुष्कळदा विचारले. ती त्यांना घास भरवी, आणि ते सांगतील तसे त्यांच्यासाठी लिही. मोडी तिला त्यांनीच शिकवली होती.

पंत गेल्यावर महिन्याभराने ती पेठेत हुसेनने घातलेल्या दुकानी आली आणि तिने पदराच्या गाठीतून पंतांनी जपलेला चाकू सोडून त्याच्यापुढे ठेवला. बोरू कापताना मूठ हातात बसत नाही, ती नीट करून हवी, असे तिने सांगितले. हुसेनने चाकू ओळखला. त्याने मेण मळले, तिच्या उजव्या तळव्यात ठेवले, वरून तिची बोटे मिटवली, आणि आपल्या धंद्याच्या रीतीप्रमाणे विचारू लागला की मूठ कशाची हवी, खिळे कसले हवे.

"मूठ तीच असू द्या, घासून लहान करा," भागीरथी म्हणाली. "पण खटका काढून टाका."