काटा शून्यावर नव्हता

"हा भांडला तर घाबरू नकोस गं... पण शांतपणे वाद जिंकायला लागला, की पोरीला उचल आणि सरळ माझ्याकडे ये."

नणंदेचे हे शब्द तिने तेव्हा हसण्यावारी नेले होते. "ताई, कायम हरायला मी आहेच की," म्हणाली होती!

नवरा वजनकाटे तपासायचा. पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवील तर शपथ. पण कचेरीत त्याच्या हक्काच्या खुर्चीवर साहेबांचा भाचा येऊन बसला, त्यावर हा चकार शब्द बोलला नाही, आणि दर रविवारी कुठल्याशा बैठकीला जाऊ लागला. मग घरात युक्तिवादाची एकेक पायरी मांडू लागला.

"वशिला वाईट, मान्य?"

"मान्य."

"वशिला मायेतून येतो, मान्य?"

"...हो."

"म्हणजे अन्यायाचं मूळ माया. मुलं आईबापांपासून दूर, सगळी सारखीच वाढली पाहिजेत."

डाळीतले खडे निवडावेत तशी ती त्या पायऱ्या निवडत राहिली... एकही खडा सापडेना, आणि काळजातली धास्ती मात्र दिवसेंदिवस वाढत गेली.

त्या सकाळी त्याने चहाच्या कपाशेजारी कागद ठेवला. बैठकीतल्या लोकांनी दूर वसाहत उभारली होती, तिथल्या बालगृहात ठमीला पाठवायचं होतं... त्यांच्या तीन वर्षांच्या ठमीला! आईची सही तेवढी बाकी होती.

"परवा गाडी येईल."

"भेटायला कधी जायचं?"

"भेट म्हणजे पुन्हा पक्षपातच." काट्यावरचा आकडा वाचावा तसा तो बोलला.

"मग मीही येते," ती कशीबशी म्हणाली. "तिथली भांडी घासीन. मी तिची कोण, ते कुणाला सांगणार नाही... जेवताना लांबून दिसली तरी पुरे."

तो टेबलाखाली पाहत होता. तिथे ठमीने त्याची पितळी वजनं पेटीतून काढून ओळीत मांडली होती. बोटांच्या घामानेही वजन बदलतं, म्हणून तो कुणाला त्यांना हात लावू देत नसे. सगळ्यांत धाकटं वजन तिच्या ओल्या मुठीत होतं.

"तिला ओरडला नाहीस," ती हळूच म्हणाली.

"लहान आहे."

"शेजारची पोरगीही लहानच होती. तिने हात लावला तेव्हा तिला रडवलं होतंस."

त्याची नजर त्या ओल्या मुठीवरच होती.

"काटा तपासताना आधी काय करतोस रे?"

"पारडं रिकामं करतो. शून्य बघतो."

"आणि हे सगळं मोजायला बसलास, तेव्हा पारड्यात साहेबांचा भाचा नव्हता?"

त्याने तो कागद स्वतःकडे ओढून घेतला. "फार लागलं होतं गं मला. सांगायची लाज वाटली."

तिने त्याचं मस्तक पोटाशी धरलं. कागद मात्र त्याने फाडला नाही, घडी करून खिशात ठेवला. त्या घडीच्या भीतीने पुढचे दोन दिवस तिने ठमीला नजरेआड होऊ दिलं नाही.

ठरल्या दिवशी गाडी आली. दारात भोंगा तीनदा वाजला. तो ठमीला मांडीवर घट्ट धरून बसला होता... उठला नाही. तिने खिडकीतून पाहिलं, मागच्या सीटवर दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीच्या दोन वेण्या होत्या. गाडी वळली.

त्या वेण्या तिला अजून दिसतात. तुमच्याही घरात असा एखादा हुशार माणूस असेल, हल्ली प्रत्येक वाद जिंकणारा आणि कधीच न हसणारा... आज त्याच्याकडे जाऊन या. त्याचा मुद्दा खोडू नका. कुठे लागलंय, एवढंच विचारा.