सहाव्या मजल्यावरून

लातुरात एका क्लासच्या इमारतीचा सहावा मजला चढत होता. भूकंपानंतर इथली माणसं सोयरीक जुळवतानाही आधी पाहुण्यांच्या घराचे पिलर बघतात. त्यामुळे इमारतीत लोखंड भरपूर, आणि लोखंड बांधणारा नायगावचा देविदास दिवसभर आभाळात.

कामावरून कुणाचं लक्ष ढळू नये म्हणून बांधकाम कंपनीनं नांदेडची गीतांजली सुरक्षा अधिकारी म्हणून नेमली. पहिल्याच सकाळी, कुंद हवेत, ती गेटवर मोबाइल जमा करत उभी होती.

"मोबाइल?"

"न्हाई, म्याडम."

"मग खिसा का फुगलाय?"

"भाकर हाय. तीबी जमा करू?"

ती हसली नाही. हसण्यानंही लक्ष ढळतं.

तिनं रेडिओ बंद केला, चहावाल्याची आरोळी बंद केली. साइट इतकी गप्प झाली, की शेजारच्या क्लासातली पोरं सूत्रं घोकताना ऐकू येत.

आणि एका भुरभुरत्या दुपारी देविदासचा पाय घसरला. कमरेच्या पट्ट्यानं धरलं म्हणून तो नुसताच लोंबकळला. खाली आणला तेव्हा कपाळ फुटलं होतं.

"लक्ष कुठं होतं?" पट्टी बांधता बांधता तिनं विचारलं.

"खाली…"

"खाली काय होतं?"

"तुम्ही. चिखलात रुतलेला बूट ओढून राहिल्या होत्या. वाटलं, हात द्यावा."

"सहाव्या मजल्यावरून?"

"हाव."

ती हसली… आणि हसता हसताच भिंतीकडं तोंड फिरवून तिनं डोळे पुसले.

"माझ्याकडं बघत जाऊ नका हो."

"लई अवघड हाय. तुम्ही नसता बघत?"

"बघते. दिवसभर. पडाल म्हणून."

"एवढंच?"

"…नाही."

त्याच संध्याकाळी तिनं नांदेडला बदली मागितली. कारण दिलं : लक्ष वेधणारी गोष्ट साइटवरून हलवणे. हेडऑफिसला ते फार आवडलं. तिचं कौतुकाचं पत्रही आलं.

निघायच्या दिवशी ती गेटवर थांबली. हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. वर देविदास पाठमोरा लोखंड बांधत होता. त्याला ठाऊक होतं ती कधी निघणार. तरी एकदाही वळला नाही.

तिचं 'बघत जाऊ नका' त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

बस सुटली. गीतांजलीची मान मात्र इमारत दिसेनाशी होईपर्यंत वरच होती.