हार्कोम हॉलमधले बूट

शेकोटीत एक ओंडका टाका रे, आणि मध्ये खिदळू नका. क्लाइव्ह आणि मी तीस वर्षं एकाच डेपोतून बस चालवली. आता तो नाही, म्हणून सांगतो.

दोन हजार एकोणीसच्या नोव्हेंबरमधला दुसरा शनिवार. क्लाइव्हच्या लेकीचं लग्न ठरलेलं. व्याही जाइल्स यांनी दोन्ही घरच्या माणसांना हार्कोम हॉलवर मुक्कामाला बोलावलं. जमीनदारांचं चारशे वर्षांचं घर, हल्ली भाड्यानं मिळतं. व्याह्यांपुढे कमी दिसायला नको म्हणून क्लाइव्हनं नवे काळे बूट घेतले.

जेवणघराबाहेर जुन्या नोकरमंडळींचा फोटो होता. त्याची बायको मॉरीन थबकली. "अरे, ही तर आपली विनी आजी!"

आजीच होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं; तीही जाऊन कैक वर्षं झालेली. पण मागे जाइल्स उभे होते.

"काहीतरीच काय!" क्लाइव्ह म्हणाला. "आजी इथं कशाला असेल?"

संध्याकाळी सगळे चिखलातून फिरून आले. जाइल्स म्हणाले, "बूट दाराबाहेर ठेवा बरं का! पूर्वी मोलकरणी रात्रीतून चमकवायच्या. पण हाक मारल्याशिवाय आत यायची टाप नव्हती त्यांची!"

सगळ्यांत मोठ्यानं क्लाइव्ह हसला.

रात्री दोनला दहा कमी. मॉरीन गाढ झोपलेली. दाराबाहेर ब्रशचा आवाज… खस्. खस्. मग खोकला. शाळेचे बूट घासताना आजी खोकायची, तोच.

"आजी" म्हटलं की झालं असतं. पण शेजारच्या खोलीत जाइल्स. त्यांनी ऐकलं तर?

ब्रश थांबला. दाराची मूठ जराशी फिरली…

क्लाइव्हनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

सकाळी सगळ्यांचे बूट चिखलानं माखलेले. याचेच लख्ख. नाड्या आत खोचलेल्या, आजी खोचायची तशा.

"वा! तुमचे कुणी केले हो?" जाइल्सनी विचारलं.

"मीच."

मॉरीन नाड्यांकडे बघत राहिली.

हे सांगताना क्लाइव्ह माझ्यासमोर ढसाढसा रडला. "एका मुक्कामात तीनदा नाकारलं रे तिला. लाज वाटते. मूठ धरून उभी होती ती… हाकेची वाट बघत."

"स्वप्न पडलं असेल," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. हॉलवरून निघताना त्यानं खोलीचं दार ओढून घेतलं होतं. पितळी मुठीवर, बाहेरच्या बाजूनं, काळ्या पॉलिशचा अंगठा उमटला होता. बाईमाणसाचा. अजून ओला.