खिडकीकडे पाठ केलेली झाडं

त्या सकाळी मी घराबाहेर पडले ती फक्त झाडं आणायला. त्यात घाबरण्यासारखं काय असणार, तूच सांग! एक म्हातारी बाई वारली होती. तिच्या मुलाला घर रिकामं करायचं होतं. घरात वाढवायची रंगीबेरंगी पानांची झाडं कुणी जीव लावून सांभाळणार असेल, तर तो ती तशीच देऊन टाकणार होता. मी तर हरखून गेले होते. टेम्पोवाला दारात थांबायच्या आधीच मी आत पोचले.

झाडं चिमणीसाठी हवी होती. चिमणी म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि बोलण्यात अशी की गिऱ्हाईक काच बदलायला यायचं ते नवी फ्रेम घेऊन जायचं. पण फुप्फुसांच्या आजाराने ती आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, आजार गेला, आता फक्त उठायचं. चिमणी काही उठेना. नवरा बोटीवर, घरात आम्ही दोघीच. मी बैठकीच्या खोलीत टेबलाशी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासायची आणि ती समोरच्या पलंगावर छताकडे बघत पडून राहायची. सांगितलं तर दोन घास खायची. हाक मारली तर 'हं' म्हणायची. घरात माणूस असून आवाज नसणं फार वाईट गं.

"सगळी एकदम न्या," म्हातारीचा मुलगा म्हणाला. "शेजाऱ्यांनी एक-दोन नेऊन पाहिली होती. लगेच माना टाकल्या."

मी सगळी आणली. आणि काय सांगू तुला! कॅलेडियमची पानं हाताच्या तळव्याहून मोठी, मधोमध गुलाबी, शिरा लालभडक, कडेला हिरवी किनार. क्रोटनवर पिवळा, नारिंगी, जांभळा असे सगळे रंग सांडलेले. कोलियस मखमलीचं. कॅलाथियाची पानं वरून रेघारेघांची आणि खालून वांग्याच्या रंगाची. खोलीत कुंड्या ठेवायला जागा पुरेना. शेवटची कुंडी मी पलंगाच्या पायथ्याशी ठेवली, तर मागून आवाज आला,

"वहिनी, ही खरी आहेत की कुणी रंगवलीत?"

चिमणी उठून बसली होती!

तिथून आमचं वेडच सुरू झालं. थेट ऊन लागलं तर पानं करपतात, हवा कोरडी झाली तर कडा तपकिरी पडतात, हे सगळं आम्ही शिकलो. ताटांत खडे पसरून त्यात पाणी घातलं आणि वर कुंड्या मांडल्या. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची. झाड एकाच बाजूला झुकू नये म्हणून कुंडी अधूनमधून थोडी फिरवायची. आणि खुडणं! कोलियसचा मरतुकडा शेंडा पेराच्या वर अंगठ्याच्या नखाने खुडला, की सगळा जोर बाकीच्या फांद्यांना मिळतो. चिमणीला ते आधी बघवेना. "बिचारा!" म्हणायची. मग स्वतःच खुडायला लागली. रोज नवीन पान उलगडायचं आणि आम्ही दोघी लहान पोरींसारख्या ओरडायचो.

सगळ्यात आधी लक्षात आलं ते चिमणीच्याच. "वहिनी, झाडं उजेडाकडे वळतात ना?"

"हो की."

"मग यांनी खिडकीकडे पाठ का केलीय?"

खरंच केली होती. झाडून सगळ्या पानांची तोंडं आतल्या भिंतीकडे, जिथे अंधार होता. मी कुंड्या फिरवून ठेवल्या. स्वयंपाकघरात जाऊन चहा घेऊन आले, तर पानं आता स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. दुपारी ती माझ्या टेबलाकडे वळली. संध्याकाळी पलंगाकडे. कुणीतरी घरभर सावकाश हिंडतंय आणि सगळी झाडं मान वळवून त्याच्याकडे बघताहेत, अगदी तसं.

आम्हाला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगते, आम्हाला मजाच वाटली! मग दिसलं की ताटांतलं पाणी आम्ही न घालताच भरलेलं असतं. पानं पुसलेली असतात, तीही आम्ही पुसतो त्याहून नीट, शिरेच्या दिशेने. चिमणी टाळ्या वाजवत म्हणाली, "वहिनी, आपल्याकडे भूत आहे, आणि तेही कामसू! पगार नको, सुट्टी नको!"

"हळू बोल, ऐकलं तर मागेल," मी म्हणाले, आणि दोघी पोट धरून हसलो. कितीतरी महिन्यांनी घर हसलं होतं. मला वाटलं, म्हातारीचा जीव झाडांत अडकला असेल. असू दे बिचारीचा. आपलं काय जातंय?

मग झाडांसारखी निगा चिमणीचीही व्हायला लागली.

दुपारी ती झोपून उठली की तिचं कपाळ, हात ओलसर असायचे. घाम नव्हे. थंड पाणी, आणि त्याला ओल्या मातीचा वास. तिचा पलंग जागचा हलायला लागला. आज डोकं भिंतीकडे, तर उद्या जरासं खिडकीकडे. लादीवर ओढल्याचा आवाज नाही की ओरखडा नाही. आणि चिमणी? चिमणी बहरत होती! गालांवर रंग आला. पोळ्या मागून खायला लागली. एक दिवस टेबलाला धरून चालली, दुसऱ्या दिवशी न धरता. आता मी कुणाला नावं ठेवू? मी तर त्या न दिसणाऱ्या बाईला मनातल्या मनात हात जोडत होते.

माझ्याकडे माझं लक्षच नव्हतं. जिने चढताना धाप लागायची. मुद्रितातल्या चुका नजरेतून सुटायला लागल्या. चिमणी एकदा म्हणाली, "वहिनी, तू किती वाळलीस गं." मी म्हणाले, "बरं झालं, व्यायामाचा खर्च वाचला." दुसऱ्या दिवशी ताप भरला.

त्या दुपारी मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. चिमणी बाहेर झाडांशी काहीतरी गुणगुणत होती. झोप नव्हती, नुसती ग्लानी. आधी वास आला... ओल्या मातीचा. मग गादीची कड जराशी दबली, कुणी शेजारी टेकावं तशी.

माझा डावा हात कुणीतरी उचलून घेतला.

हात थंड होता, पण रागाचा नव्हता. उलट, फार हळुवार. त्या बोटांनी माझी करंगळी चाचपली. खालचं पेर... मधलं पेर... वरचं पेर. तिथे ती थांबली. पेराच्या किंचित वर अंगठ्याचं नख टेकलं. आणि माझ्या कानाशी कुणीतरी हळहळून म्हणालं,

"बिचारी..."

मला एका क्षणात सगळं कळलं. या घरात दोन फांद्या होत्या. एक जोर धरत होती, आणि दुसरी मरतुकडी होती!

कुठून बळ आलं कोण जाणे, मी हात हिसडला आणि किंचाळत बाहेर धावले. चिमणीने मला धरलं. करंगळीवर, पेराच्या वर, नखाची लाल चंद्रकोर उमटली होती. तिच्यातून रक्ताचा थेंब येत होता. आणि बैठकीच्या खोलीतली सगळी पानं, एकूण एक, माझ्या मागच्या दाराकडे वळलेली होती.

मी म्हातारीच्या मुलाला फोन लावला. चिमणीने तो स्पीकरवर टाकला.

"तुमची आई झाडांची काळजी कशी घ्यायची?" मी विचारलं.

"आई?" तो म्हणाला. "आई कुठली घेतेय! ती अंथरुणाला खिळलेली होती. झाडं कुणीतरी भेट दिली होती तिला. पाणी घालायला बाई येते, असं ती सांगायची. आम्हाला कधी दिसली नाही."

"आणि तुमचे वडील?"

"ते आईच्या आधी गेले. धडधाकट माणूस, बघता बघता सुकला. नवल म्हणजे आई तेव्हा टवटवीत झाली होती. उठून फिरायची. मग ते गेल्यावर परत आडवी पडली... घरात ती एकटीच उरली ना."

चिमणीने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, ती रडेल. तिला पायांवर उभं केलं होतं त्या झाडांनी. पण ती म्हणाली, "मी परत आडवी पडले तरी चालेल. वहिनी सुकायला नकोय मला." आणि तिनेच पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि कुंड्या दाराशी न्यायला लागली.

झाडं मारायची हिंमत आम्हा दोघींतही नव्हती. गावाबाहेरच्या सार्वजनिक बागेत एक मोठं काचघर आहे. तिथे फक्त झाडं. ना पलंग, ना आजारी माणूस. तिथल्या माळीबुवांना फोन केला, तर ते आनंदाने तयार झाले. त्याच संध्याकाळी आम्ही टेम्पोतून सगळं नेलं. उजेड होता तोवर कुंड्या उतरवल्या आणि मागे वळून न बघता घरी आलो.

माझा ताप दोन दिवसांत उतरला. चिमणीही पडली नाही. हळूहळू तिची ताकद वाढत गेली, आणि या वेळी ती तिचीच होती. दुकानात परत रुजू झाली त्या दिवशी आम्ही दोघींनी घरात नाच केला, खरंच केला! मी म्हटलं, सुटलो.

मग एका भर दुपारी माळीबुवांचा फोन आला.

"ताई, तुमच्या त्या बाई तुमच्याकडे आल्यात का?"

"कोणत्या बाई?"

"अहो, त्या दिवशी टेम्पोत तुम्हा दोघींच्या मधे बसून आल्या होत्या त्या. फार जीव आहे त्यांचा झाडांवर. रोज येतात, कुणाशी बोलत नाहीत, पण काम बघावं तर त्यांचं! आज सकाळपासून आल्याच नाहीत. सगळ्या झाडांनी माना टाकल्यात, म्हणून विचारलं."

मी फोन ठेवला आणि लगेच चिमणीला लावला. ती दुकानात होती. वाजत राहिला... वाजत राहिला... मग कुणीतरी उचलला.

"चिमणे?"

पलीकडे चिमणी नव्हती. एक बाई अगदी हळू, घरातल्या कुणाची झोपमोड होऊ नये अशा आवाजात बोलली.

"आत्ताच डोळा लागलाय. झोपू दे. अजून कोवळी आहे."

मी चपला न घालता धावत सुटले. दुकानाचं दार ढकललं, तर चिमणी काउंटरमागे उभी राहून एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होती. ठणठणीत. हसत. मला पाहून दचकली. "वहिनी, काय झालं?" तिने पिशवीतून फोन काढला. तो वाजलाच नव्हता. माझा फोन आल्याची नोंदही त्यात नव्हती.

मी तिला घट्ट मिठी मारली. तिचे हात तपासले, बोटं तपासली. काही नव्हतं. आजतागायत ती धडधाकट आहे, मीही आहे. काचघरातली झाडं त्याच आठवड्यात वाळून गेली. माळीबुवांना ती बाई परत दिसली नाही.

माझ्या मनातून मात्र एकच गोष्ट जात नाही. चिमणी तर जागी होती. मग ती बाई त्या दुपारी कुणाच्या उशाशी बसली होती?