तासातला घास

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नववीच्या मुलांकडून मी दरवर्षी एकच प्रयोग करून घेतो. मैदानात एक मीटरची काठी उभी रोवायची आणि भर दुपारी तिची सावली मोजायची. सेलूत ती त्र्याण्णव सेंटिमीटर भरते. वर्षात मध्यान्हीची सावली यापेक्षा लांब कधीच पडत नाही. भूगोल शिकवून मला एकोणीस वर्षं झाली, आणि काठी, दोरी, पट्टी यांच्यावर माझा माणसांपेक्षा जास्त भरवसा आहे. बायको म्हणते, म्हणूनच माझ्याशी कुणी दोन शब्द जास्त बोलत नाही.

यंदा मोजणी झाल्यावर मी मुलांना मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. इंग्लंडातली माणसं पायघोळ झगे घालून, उभ्या दगडांच्या रिंगणात कुडकुडत, सूर्य उगवायची वाट बघत होती. चर्च येण्याआधीचा जुना धर्म पुन्हा धरलेली ही आजची मंडळी. वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, हसू नका. दिवस आखूड झाला की माणूस घाबरतो. तिकडचे जुने लोक त्या रात्री मोठा ओंडका पेटवायचे, हिरव्या फांद्या घरात आणायचे, मेलेल्यांसाठी ताट मांडायचे. नाताळातल्या कितीतरी रीती त्यातूनच आल्या असं म्हणतात. आणि आमच्या घरी, याच आठवड्यात, पाच दगडांना चुना लावून आंबील शिंपतात. ती येळवस. मग ते वेडे आणि आपण शहाणे कसे?

वर्गात हे सगळं सांगायला सोपं असतं.

आमचं शेत पेडगावच्या शिवारात आहे. येळवस मूळची लातूरकडची. आजी तिकडून लग्न होऊन आली ती हा सण पदराला बांधूनच, त्यामुळे आमच्या शिवारात तो आमच्या एकट्याच्या घरात चालतो. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याच्या पेंड्यांची कोप उभारायची, आत पाच दगड मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, आंबील यांचा नैवेद्य दाखवून तिथंच जेवायचं. पण आमच्या आजीची एक जादा रीत होती. घरातलं माणूस परगावी असेल तर त्याचा वाटा कोपीत टोपल्याखाली झाकून ठेवायचा आणि दिवस मावळताना घरातल्या थोरल्या बाईनं तो त्याच्या नावानं खायचा. माणूस गेलेलं असेल तर त्याचा घास शेताच्या पहिल्या तासात, म्हणजे नांगराच्या पहिल्या रेघेत, पुरायचा. जिवंत टोपल्याखाली, मेलेला तासात. मधली जागा नव्हती.

माझा धाकटा भाऊ परमेश्वर जाऊन आता पाच वर्षं होत आली. गेला म्हणजे जिंतूरला जातो म्हणून सकाळी एसटीत बसला आणि परत आला नाही. आई, कमलबाई, दर येळवशीला त्याचा वाटा टोपल्याखाली झाकायची आणि संध्याकाळी खायची. चार येळवशी तिनं तसं केलं. पाचवीला मी तिला अडवायचं ठरवलं होतं.

कारण राजेश्री. परमेश्वरची बायको. एकतीस वर्षांची, मूलबाळ नाही, सासूच्या औषधाच्या वेळा तोंडपाठ. तिच्या वडिलांनी पाथरीकडचं एक स्थळ आणलं होतं. माणूस बरा होता, पहिली बायको वारलेली. संक्रांतीच्या आत होय की नाही ते सांगायचं होतं. बेपत्ता माणसाला मेलेलं मानायला कायद्याला सात वर्षं लागतात, पण राजेश्रीला कायद्याची पडली नव्हती.

"आत्याबाईंनी तासात घास टाकला तर मी जाईन, भाऊजी," ती मला फोनवर म्हणाली होती. "त्या टोपल्याखाली ठिवत असतील तर मी कशी जाऊ?"

पोरांच्या परीक्षा होत्या म्हणून बायकोला सेलूत ठेवून मी एकटाच आलो. सकाळी कोप मीच बांधली. ज्वारी पोटऱ्यात होती, हरभऱ्याला घाटे धरले होते, हवेत त्याच्या आंबट दवाचा, आंबीचा वास होता. राजेश्रीनं दगडांना चुना लावला. जेवणं उरकल्यावर आईनं सवयीनं परमेश्वरची भाकरी पितळीत वाढली, तेव्हा मी विषय काढला.

"आई, यंदा तासात टाकू."

ती भाकरीवर भज्जी वाढत राहिली. तिचा हात थांबला नाही याचं मला नवल वाटलं.

"तुला वाटायलंय का तसं?"

"राजेश्रीचं बघ. किती दिस बसवून ठिवायचं तिला?"

राजेश्री बाहेर भांडी घासत होती. तिचा घासण्याचा आवाज थांबला.

"टाक मग," आई म्हणाली. "तूच टाक. बघू घेतोय का."

मी खुरप्यानं पहिल्या तासात वीतभर खड्डा केला. भाकरी, भज्जी, एक उंडा ठेवला, माती लोटली आणि कुत्र्यानं उकरू नये म्हणून टाचेनं घट्ट दाबली. काळ्या रानात माझ्या चपलेची नक्षी स्वच्छ उमटली. नाव घ्यायचं असतं, ते मी पुटपुटलो. मला रडू आलं आणि ते खोटं नव्हतं.

पण आता खरं सांगायला हवं. घास टाकताना माझ्या मनात कसलीच शंका नव्हती. परमेश्वर मेलेला आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

तो गेल्यावर नवव्या दिवशी मला पोलिसांचा फोन आला होता. येलदरी धरणाच्या पाण्यात एक प्रेत सापडलं होतं. मी एकटाच गेलो. चेहऱ्यात काही राहिलं नव्हतं, पण कमरेला करदोडा होता आणि करदोड्यात तांब्याचा मणी. तो आईनं ओवला होता. त्याच दिवशी सकाळी आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, पंधरा दिवस हिला धक्का लागता कामा नये. मी शिपायाला सांगितलं, "हा आमचा नव्हे." पंधरा दिवसांनी सांगू म्हटलं. मग महिन्यानं म्हटलं. मग कोणत्या तोंडानं सांगणार? त्याला बेवारस म्हणून कुठं पुरलं तेही मी विचारलं नाही.

दिवस कलला. पावणेसहाला सूर्य टेकला आणि शेताला फेरी घालायची वेळ झाली. पुढच्यानं आंब्याच्या डहाळीनं आंबील शिंपत हाक द्यायची, मागच्यानं कडब्याचा पेटता चूड घेऊन जबाब द्यायचा. पुढच्यानं मागं बघायचं नाही. आई कोपीत बसली. मी पुढं, राजेश्री मागं.

"कुनाचं शिवार?"

"आमचं."

"कोन राखतंय?"

"आमीच."

पूर्वेचा बांध झाला, दक्षिणेचा झाला. चुडाच्या उजेडानं माझी सावली माझ्यापुढं चालत होती. राजेश्रीचा आवाज बारीक, पण ठाम होता. आज ती सुटणार होती, आणि मला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं.

पश्चिमेच्या बांधावर वळलो आणि काही पावलांनी लक्षात आलं की पुढची सावली नाही. चूड विझला असावा. अंधार पडत होता, पण बांध दिसत होता. मी हाक दिली.

"कुनाचं शिवार?"

जबाब यायला थोडा उशीर झाला.

"आमचं."

थंडीनं तिचा घसा धरला असेल असं मला वाटलं. आवाज जड होता.

"कोन राखतंय?"

"आमीच."

कोरड्या रानात ओल्या कापडाचा वास येत होता. पाण्यात फार दिवस राहिलेल्या कापडाचा. मी आंबील शिंपत राहिलो. ती माझ्याच धोतरावर सांडत होती. उत्तरेच्या बांधावर मी हाक द्यायचं विसरलो.

जबाब तरीही आला.

"आमीच."

मी मागं बघितलं नाही. रीत म्हणून नव्हे. माझ्यात तेवढं धैर्य नव्हतं.

कोपीत शिरलो तर राजेश्री आत, आईशेजारी बसून कंदिलाची वात वर करत होती.

"चूड दुसऱ्या कोपऱ्यातच इझला, भाऊजी. दोनदा हाका मारल्या तुमाला. तुमी आपले चालतच. मग मी आले माघारी."

मी खाली बसलो. आई सामान आवरत होती. टोपलं नेहमीच्या जागी पालथं पडलं होतं. यंदा त्याखाली कुणी काही ठेवलं नव्हतं. तिनं ते उचललं.

खाली भाकरी होती. भज्जी, उंडा. सगळ्याला काळी, ओली माती चिकटलेली.

मला पहिल्यांदा आईचाच संशय आला. मी तिचे हात बघितले. कोरडे होते, नखांत माती नव्हती. मी मोबाईलची बॅटरी लावून पहिल्या तासाकडं गेलो. माती तशीच दाबलेली होती. माझ्या चपलेची नक्षी जशीच्या तशी होती, एक रेघही मोडली नव्हती.

परत आलो तेव्हा राजेश्री त्या भाकरीकडं बघत होती. तिचा चेहरा कसा झाला होता ते मला सांगता येणार नाही. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदानंच ती खचली होती.

"म्हंजे ते हायत," ती म्हणाली. "जित्ते हायत. मी बाबांना न्हाई म्हनून कळवते."

तिनं मोबाईल हातात घेतला.

"थांब," मी म्हणालो.

आणि मी सांगितलं. येलदरी, करदोडा, मणी, शिपाई. फार वेळ लागला नाही. पाच वर्षं ज्याला दिली ते चार वाक्यांत संपलं.

राजेश्री हलली नाही. मी आईकडं बघितलं. तिच्या छातीत कळ येईल म्हणून मी हात पुढं केला होता.

"मला ठावं हाय," आई म्हणाली.

कंदील फुरफुरत होता.

"तू येलदरीहून दवाखान्यात आलास ना, तवाच तो तुझ्या मागं दारात हुबा होता. भिजल्याला. घरच्यानं ज्याला आपला म्हनलं न्हाई, त्याला तासात जागा कशी मिळंल? म्हनून मी त्याला टोपल्याखाली वाढत हुते. उपाशी कसा ठिवू?"

"मग तू बोलली का न्हाईस?"

"बोलले आसते तर तू खोटा पडला आसतास. तूबी माझंच लेकरू."

राजेश्रीनं आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. आम्ही दोघांनी मिळून तिची पाच वर्षं खाल्ली होती, आणि ते तिला आत्ता कळत होतं. मला वाटलं ती किंचाळेल. किंचाळली असती तर बरं झालं असतं.

"दिवस कोन्ता हुता?" तिनं एवढंच विचारलं.

मी तारीख सांगितली. तिनं मान हलवली. मग पितळी घेतली, मातीनं भरलेली भाकरी तिच्यात ठेवली, पदर डोक्यावरून सारखा केला आणि ती बाहेर गेली.

आम्ही आत बसून राहिलो. कडब्यापलीकडून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. दिवसभर कामाला गेलेला माणूस घरी आल्यावर बाई जशी बोलते, तशी ती बोलत होती. मध्येच थांबायची, पलीकडचं ऐकून घेतल्यासारखी, आणि पुन्हा बोलायची. एकदा ती रडली. एकदा, मला वाटतं, हसली.

बऱ्याच वेळानं ती वाकून आत आली. पितळी रिकामी होती, बोटानं पुसून घेतल्यासारखी स्वच्छ.

"जेवले," ती म्हणाली.

तिचा चेहरा मोकळा झाला होता. इतका मोकळा मी तो लग्नातही पाहिला नव्हता. तिनं पितळी आईपुढं ठेवली, मोबाईल कमरेला खोचला आणि गावाकडं जायला आपली पिशवी उचलली.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमाला भाईर बोलावलंय."

मी आईकडं बघितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती हळूच पुढं सरकली, माझ्या चपला उचलल्या, पदरानं त्यांची माती पुसली आणि कोपीच्या दारात जोडीनं मांडल्या, बाहेरच्या बाजूला तोंड करून.