हाल्डेनबुर्गचा निरोप

कोपनहेगनच्या ब्रिटिश वकिलातीत मी सहायक म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथले राजदूत लॉर्ड लायनेल व्हेअरहॅम यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"क्रॉस्बी, जर्मन येतं का?"

"येतं, साहेब. रसायनशास्त्र शिकायला ग्योटिंगेनला होतो."

"छान," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मुलाखत संपली.

लॉर्डसाहेब एका अर्लचे, म्हणजे बड्या इंग्रज उमरावाचे, तिसरे चिरंजीव. थोरल्याला जहागीर, मधल्याला पलटण, धाकट्याला परराष्ट्र खातं, असा त्या घराण्याचा शिरस्ता होता. विशीत ते कॉन्स्टँटिनोपलला गेले. पुढे सेंट पीटर्सबर्ग, रिओ, काही लहानमोठे जर्मन दरबार, अथेन्स. एका पाशाबरोबर सबंध हिवाळा हुक्का ओढून त्यांनी सरहद्दीचा तंटा मिटवला होता. रिओला पिवळ्या तापातून वाचले होते. लग्न राहून गेलं होतं. आता साठी उलटली होती, पायऱ्या चढताना मध्येच थांबून ते भिंतीवरची चित्रं पाहिल्यासारखं करत, आणि त्यांना फक्त इंग्लंडात डॉर्सेटला बहिणीच्या घरी जाऊन नासपतीच्या झाडाखाली बसायचं होतं. निवृत्तीचा अर्ज ते दरवर्षी करत. दरवर्षी काहीतरी आडवं येई. मंत्रिमंडळ पडे. अर्ज गहाळ होई. एकदा तर अर्ज मंजूर करणारा सचिवच सहीच्या आदल्या दिवशी वारला.

त्यांच्या कामाच्या खोलीत खिडकीजवळ उंच पाठीची एक चामडी खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसत नसे. संध्याकाळी काम आटोपलं की लॉर्डसाहेब तिच्यासमोर कमरेत वाकत, मग पाठ न दाखवता उलट्या पावलांनी दाराकडे जात. मध्ये एकदा वाकत, दाराशी पुन्हा एकदा.

मी त्यांच्या खासगी नोकराला, हॉब्जला, विचारलं.

"दरबारी सवय, साहेब," तो म्हणाला. "माझा बाप तबेल्यात होता. तो आईलासुद्धा शीळ घालून बोलवायचा."

"पण दरबारात समोर राजा असतो."

"असतो ना," हॉब्ज म्हणाला आणि काटेचमचे घासायला निघून गेला.

फेब्रुवारीत धुराडं तुंबलं म्हणून त्या खोलीत दोन दिवस विस्तव नव्हता. दौतीत शाई घट्ट झाली होती. मी काही कागद न्यायला गेलो आणि ते गोळा करताना हात त्या खुर्चीच्या बैठकीला लागला.

ती ऊबदार होती. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखी नव्हे. कुणीतरी बसलेलं असावं तशी.

मी माझा उष्णतामापक आणला. खोलीत पारा गोठणबिंदूच्या जरा वर होता. लॉर्डसाहेबांच्या खुर्चीवरही तेवढाच. या खुर्चीवर मात्र तो काखेत धरल्यासारखा चढला. ऊन नव्हतं. मागची भिंत बाहेरची होती, तिच्यातून धुराडं जात नव्हतं. चामड्याची कड उचकटून पाहिली. आत घोड्याचे केस होते, कोरडे आणि थंड.

"मोजलंस?"

लॉर्डसाहेब दारात उभे होते.

"हो, साहेब."

"मीही मोजलं होतं. अथेन्सला. तिथं उन्हाळ्यात फरक कळत नाही, तेवढंच सुख." ते दमून कोचावर बसले. "खुर्ची हीच असते असं नाही. जिथं जातो तिथं एक अशी होते."

मग त्यांनी सांगितलं. हाल्डेनबुर्ग नावाच्या जर्मन डचीत, म्हणजे एका ड्यूकच्या राज्यात, ते राजदूत होते. "एवढंसं राज्य. घोडा उधळला तर परदेशात जाऊन थांबायचा." अठराशे सहासष्ट साली प्रशियाचं सैन्य वेशीवर आलं, त्या दुपारी ते ड्यूकला भेटायला गेले. इंग्लंड मदतीला येणार नाही, हे सांगायला.

"तो नुसता बसून राहिला. राजा उठला की भेट संपते, क्रॉस्बी. तो उठेना. शेवटची गाडी सुटायची वेळ झाली होती. मी पाठ फिरवली आणि चालू लागलो."

"मग?"

"त्या शरदात तो वारला. राज्य प्रशियात गेलं. पण भेट काही संपलेली नाही."

मी म्हणालो की मनावर ताण असला की माणसाला असं वाटू शकतं.

"तुझ्या पाऱ्याच्याही मनावर ताण आहे का रे?" ते हसले. मग हसू थांबलं. "मे महिन्यात मी रजेवर घरी निघतोय. वाटेत हाल्डेनबुर्गला उतरणार. येशील बरोबर? निरोपाला राजदूत एकटा जात नाही."

मला जायचंच होतं. एवढं नीट मोजता येणारं आश्चर्य मी कधी पाहिलं नव्हतं.

हाल्डेनबुर्गच्या खानावळीत लॉर्डसाहेबांनी पूर्ण दरबारी पोशाख चढवला. सोनेरी कलाबतूचा कोट आता त्यांना सैल होत होता. राजवाड्याचा राखणदार ब्रेनेके, पूर्वीचा ड्यूकचाच चोपदार, दारात भेटला आणि रडायलाच लागला.

"हुजूर! किती वर्षांनी! पडद्यांना कसर लागलीय आणि मला संधिवात. आता आम्ही दोघंच मिळून राज्य करतो."

"भेटीचा दिवाणखाना उघडा आहे?"

"उघडाच असतो." ब्रेनेकेनं माझ्याकडे पाहिलं. "सगळ्या सामानावर मी चादरी घालतो, तरुण साहेब. त्या एका खुर्चीवरची सकाळी खाली असते."

"उंदीर ओढत असतील."

"असतील. पण उंदीर घडी घालत नाहीत."

"मग कोण घालतं?"

"मी पगार घेतो, साहेब. चौकशा करत नाही."

दिवाणखाना लांब होता. दुपारचं ऊन झरोक्यांतून आडवं आलं होतं. चादरी घातलेलं सामान बर्फाखालच्या दगडांसारखं दिसत होतं. टोकाला लाल मखमलीची खुर्ची, रिकामी. पायाशी पांढरी चादर, चौकोनी घडीत.

खोलीला कापराचा आणि ओल्या लोकरीचा वास होता.

लॉर्डसाहेब वाकले. मध्ये पुन्हा. खुर्चीसमोर पुन्हा. मीही वाकलो, त्यांच्या मागे ताठ उभं राहणं उद्धट दिसलं असतं.

मखमलीत खोल खळगा होता. जुनी गादी, मी मनाशी म्हटलं. कापूस बसलेला.

लॉर्डसाहेब स्वच्छ जर्मनमध्ये बोलू लागले. राणीसरकारच्या आज्ञेनं आपण निरोप घेत आहोत. इथं मिळालेल्या कृपेबद्दल ऋणी आहोत. मग ते थांबले. काही झालं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीकडे.

"माझ्यानंतर," ते म्हणाले, "इथला कारभार हे मिस्टर क्रॉस्बी पाहतील."

हा रिवाजच आहे. जाणारा राजदूत मागे राहणाऱ्याला पुढे करतो. माझ्या पाठीवर त्यांचा हात आला. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि वाकलो.

लाकूड करकरलं.

मखमलीतला खळगा हळूहळू भरून आला. कणाकणानं, वर, सपाट होईपर्यंत.

लॉर्डसाहेबांच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी निघालं. ते वाकले, उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले, आणि तिथून वळून, पाठ दाखवून, शाळा सुटलेल्या मुलासारखे चालू लागले.

मीही मागे सरकत निघालो. दाराशी एकदा पाहिलं.

खळगा परत पडला होता.

लॉर्डसाहेब गाडीत तोंड उघडं टाकून झोपले. निवृत्तीची मंजुरी त्यांच्या आधी डॉर्सेटला पोचली होती. पुढे बरीच वर्षं ते त्या झाडाखाली बसले, आणि तिथंच एका दुपारी झोपेत गेले. दर शरदात ते मला नासपतीची टोपली पाठवत. सोबत कधी दोन ओळी नसत. फळं गोड असत. मी ती नोकरांना वाटून टाकी.

आता मी लिस्बनला राजदूत आहे. मध्ये व्हिएन्ना झालं, ब्यूनस आयर्स झालं. माझे निवृत्तीचे अर्ज गहाळ होतात. उष्णतामापक मी पेटीत ठेवून दिलाय, हाताला कळतं. हाल्डेनबुर्गला एकदा एकटा जाऊन आलो. वाकलो, बोललो, अंधार पडेपर्यंत उभा राहिलो. एकट्यासाठी कुणी उठत नाही.

गेल्या आठवड्यात नवा सहायक आला. ॲशबी. भौतिकशास्त्राचा पदवीधर, चौकस, गालावर अजून नीट दाढी नाही. आल्या आल्याच त्यानं खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"साहेब, तिथं कुणी बसत नाही का?"

"जर्मन येतं?" मी विचारलं.

"नाही, साहेब."

मला बरं वाटलं. खरंच वाटलं. संध्याकाळपर्यंत टिकलं.

मग दिवे लावायच्या आधी मी बाजारात गेलो आणि त्याच्यासाठी जर्मन व्याकरणाचं एक चांगलं पुस्तक घेऊन आलो.