उस्तीन्याची चाळिसावी सकाळ

त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. थंडी मात्र अशी, की धुराड्यातून निघालेला धूर सरळ वर जायचा आणि आभाळात खिळा ठोकल्यासारखा तिथंच उभा राहायचा. सूर्याला खळं पडलं होतं. व्होल्गा गप्प होती, आणि पायाखाली बर्फ नव्या चामड्यासारखा करकरत होता. फेब्रुवारीची नऊ तारीख, सोमवार. तारीख नीट ध्यानात ठेवा पोरांनो, कारण या गोष्टीत एक दिवस इकडचा तिकडे झाला तर गोष्टच उरत नाही.

ज्याची ही गोष्ट, तो सावेली. नदीच्या अलीकडे आपल्याच गावात राहायचा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. घर उबदार ठेवणाऱ्या, विटांच्या माणसाएवढ्या उंच चुली बांधायचा. पलीकडे कोस्त्रोमा शहरात अशी जुनी गल्ली नाही, जिच्यात त्याच्या हातची एखादी चूल नाही. खोटं बोलणं त्याला जमायचं नाही. प्रयत्न केला तरी कान लाल व्हायचे. त्यानं मला सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

त्याची बायको उस्तीन्या दोन जानेवारीला गेली. शेवटची दोन वर्षं तिच्या हातांतली ताकद गेली होती. चमचा धरता यायचा, पण दाराची मूठ काही तिला दाबता यायची नाही. दोन वर्षं सावेलीनं तिच्यासाठी प्रत्येक दार उघडलं. घराचं, न्हाणीघराचं, देवळाचं. उघडायचा, धरून उभा राहायचा आणि ती सावकाश पार झाली की लावायचा. ती म्हणायची, "म्हाताऱ्या, मी राणी झाले बघ. दारवान ठेवलाय."

जायच्या आदल्या रात्री ती एवढंच बोलली. "चाळीस दिवस घर सोडू नकोस. चाळिसाव्या सकाळी उजाडलं की दार उघड आणि मला उंबऱ्यातून पोचव. माझ्याच उंबऱ्यातून. परक्या घरी मला अडकवू नकोस."

"नाही अडकवणार," तो म्हणाला.

गेलेल्याचा जीव चाळीस दिवस घरातच असतो, असं आपल्यात मानतात; म्हणून रीतीप्रमाणे सगळं झालं. आरशावर चादर टाकली. खिडकीत पाण्याचा पेला ठेवला, शेजारी काळ्या पावाचा तुकडा. रोज सकाळी पेला बोटभर उतरलेला असायचा आणि सावेली तो पुन्हा काठोकाठ भरायचा. चुलीच्या उबेनं पाणी आटतं, हे चुली बांधणाऱ्याला काय कळत नव्हतं? तरी तो भरायचा, आणि म्हणायचा, "तहान लागली होती ना?"

असे एकोणचाळीस दिवस गेले.

त्या सोमवारी दुपारी त्याचा मुलगा ग्लेब मॉस्कोहून गाडी घेऊन आला. पोरगा वाईट नव्हता. बाप वाळलाय हे त्याला आल्या आल्या दिसलं.

"बाबा, उद्याचं चाळिसाव्याचं जेवण मी पलीकडच्या मोठ्या हॉटेलात ठरवलंय. तीस माणसं येणार. आज रात्री तुम्ही तिथंच झोपायचं."

"मी कुठं जात नाही."

"तुम्ही शेवटचं पोटभर कधी जेवलात? तोंड बघा आरशात."

"आरसा झाकलाय."

"तिथं गाद्या अशा आहेत की माणूस झोपला तर सकाळी शोधावा लागतो."

"मग मला कोण शोधणार?" सावेली म्हणाला.

ग्लेब हसला, मग डोळे पुसत म्हणाला, "एक रात्र, बाबा. उजाडायच्या आत परत आणून सोडतो. आई तुम्हाला असं बघून खूश झाली असती का?"

तिथं सावेली हरला. जेवणाचं काय काय ठरलंय तेही बघून येऊ, उजाडायच्या आत परत येऊ, एवढाच त्याचा हिशेब.

निघायच्या आधी आपल्यात सगळे क्षणभर गप्प बसतात. तसे दोघं बाकावर बसले. सावेली बाकाच्या टोकाला बसला, पन्नास वर्षं बसायचा तसा, शेजारी एका माणसाची जागा सोडून. मग गुडघ्यांवर हात मारून उठला आणि पन्नास वर्षं म्हणायचा तेच म्हणाला.

"चला. देवाचं नाव घेऊ आणि निघू या."

बाहेर आल्यावर त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. धरून उभा राहिला.

"बाबा, बसा ना. थंडी आत येतेय."

"हो हो," असं म्हणून त्यानं दार लावलं आणि पुढं ग्लेबच्या शेजारी जाऊन बसला.

शेजारची मावरा खिडकीत होती. तिनं हात केला. यानंही केला.

हॉटेल म्हणजे नदीकाठचं जुनं व्यापाऱ्याचं घर. मधल्या काळात तिथं एका खोलीत एक कुटुंब अशी बारा बिऱ्हाडं होती, तेव्हा सावेली तिथल्या चुली बांधायला, दुरुस्त करायला जायचा. आता जिन्यावर गालिचा, पितळी कठडे, दारात टोपीवाला माणूस. टेबलामागची मुलगी गोड बोलली.

"या, सावेली येगोरिच. तुमची खोली दुसऱ्या मजल्यावर, नदीच्या बाजूला."

खोलीत पलंग एवढा, की त्यावर आडवं-उभं कसंही झोपा. दोन झगे, दोन जोड सपाता. भिंतीएवढा आरसा. सावेलीनं आल्या आल्या एक झगा आरशावर टाकला. ग्लेबनं बघितलं आणि झग्याचं टोक नीट ओढून दिलं.

कोपऱ्यात चूल होती. निळ्या फरशीची. सावेली तिच्यापाशी गेला आणि त्याला हसू आलं. त्याच्याच हातची. खालून तिसऱ्या ओळीतली एक फरशी किंचित वाकडी, ती त्या दिवशी जरा जास्त घेतली होती म्हणून. त्यानं तळवा टेकवला. बर्फ. आत हात घालून बघितलं तर धुराडं विटांनी बुजवलेलं. शोभेची करून ठेवली होती.

"मेली बिचारी," तो म्हणाला.

रात्री मासा, मशरूमचं सूप, चहा. साडेनऊला ग्लेब म्हणाला, "मी स्टेशनवर जातो. बायको रात्रीच्या गाडीनं येतेय. गाडी उशिरा आहे. सहाला तुम्हाला उठवतो, घरी सोडतो. झोपा."

सावेली झोपला. खरंच झोपला. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

जाग आली तेव्हा भिंतीवरच्या, अंधारात चमकणाऱ्या घड्याळात तीन वाजायला वीस मिनिटं होती. वास आला म्हणून जाग आली. चुन्याचा आणि राखेचा. चूल पेटून तासभर झाला की येतो तो वास. हा वास त्याला झोपेतही कळायचा.

तो उठला. अंधारात चाचपडत कोपऱ्यात गेला. चुलीचं लोखंडी दार गार होतं. आत राख नाही. निखारा नाही. वरच्या फरश्या गार. बाजूच्या गार.

मग हात मधे गेला.

मधे ऊब होती.

कमरेपासून खांद्यापर्यंत. रुंदी एका पाठीची. त्याच्या बाहेर बोटभर सरकलं की पुन्हा बर्फ. त्यानं दोन्ही तळव्यांनी कडा चाचपल्या. डावा खांदा थोडा खाली होता.

उस्तीन्याचा डावा खांदा खाली होता.

घरी हिवाळ्यात ती तशीच बसायची. चुलीला पाठ लावून. पाठ शेकली की एक उसासा टाकायची.

सावेलीचे हात फरशीवरच राहिले. हलेनात.

आणि त्याच्या कानाशी... उसासा.

"हं... आता जरा बरं वाटलं."

...

"सावेली... आपण कुठं आलोय?"

...

"तू चला म्हणालास. मी आले. गाडीचं दार धरलंस... मी बसले."

...

"आता उजाडेल रे. घरी चल ना."

त्यानं मला सांगितलं तेव्हा या जागी तो आपल्या तळव्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "आवाज तिचाच. रागावलेला नव्हता. घाबरलेला होता. नवख्या ठिकाणी लेकरू बोलतं तसा. मी तिचा हात धरायला हवा होता. पण हाताखालची ऊब... ती सरकली. माझ्याकडे वळल्यासारखी. आणि मी पळालो."

पळाला. कोट घातला, बूट घातले, टोपी विसरला. बसला नाही. 'चला' म्हणाला नाही. दार उघडलं आणि बाहेर पडला. दार जड होतं, आपोआप मागं येणारं. खट्‌कन लागलं.

तो बोळात उभा. वळून बघितलं.

दाराची पितळी मूठ आतून हलली.

अर्धी खाली आली. थांबली. परत वर गेली.

पुन्हा. अर्धी खाली... थरथरली... वर.

तिसऱ्यांदा तेवढीही नाही.

मग काही नाही.

खाली टेबलामागची मुलगी दचकून उभी राहिली. "सावेली येगोरिच! बरं वाटत नाही का? मुलाला फोन करू?"

"घरी जायचंय. गाडी बोलाव, बाळा."

तिनं बोलावली. दारापर्यंत सोडायला आली. "वर काही राहिलं नाही ना तुमचं?"

"नाही," तो म्हणाला. "काही राहिलं नाही."

साडेतीनला तो घरी पोचला. चूल पेटवली. दिवा लावला. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले. मग त्यानं स्वतःची समजूत घातली. म्हातारा माणूस, परकी जागा, मासा पचला नाही. आपण वेळेवर घरी आलो, हे मोठं. ती इथं आहे. तिचा पेला इथं आहे. आता उजाडलं की दार उघडायचं, शब्द पाळायचा. पेल्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. बाकावर बसून वाट बघत राहिला.

सव्वासातला पूर्वेकडचं आभाळ राखी झालं. सावेली उठला. केस विंचरले. दार उघडलं, सताड, आणि दोन वर्षं उभा राहायचा तसा बाजूला धरून उभा राहिला. थंडी आत घुसली, जमिनीवर धुक्यासारखी लोळली.

"जा, उस्तीन्या," तो म्हणाला. "सांभाळून जा. माझी काळजी करू नकोस."

बराच वेळ धरून ठेवलं. ती सावकाश चालते म्हणून. पार उजेड पडेपर्यंत. मग लावलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. पण ते बरं वाटणारं रडणं होतं. पोचवली, असं वाटणारं.

तेवढ्यात मावरा आली. चाळिसाव्याची धिरडी करून आणली होती तिनं, फडक्यात बांधून. बूट झटकत म्हणाली, "हॉटेलातून पळून आलास म्हणे? ग्लेबचा फोन आला होता मला. हॉटेलवाल्यांनी सांगितलं त्याला, काळजीनं वेडा होऊन निघालाय इकडं. जेवण सोडून कोण पळतं रे? मी तर तिथल्या चादरीसुद्धा घेऊन आले असते."

सावेली हसला. डोळे पुसले.

मावरा धिरडी ठेवायला खिडकीशी गेली. आणि तिथंच थांबली.

तो उठून तिच्याशेजारी गेला.

पेला काठोकाठ भरलेला होता. सोमवारी सकाळी त्यानं भरला तसा. वर पाण्याची फुगी, सांडेल न सांडेल अशी. पावाचा तुकडा कोरडा, होता तसाच. रात्रभर घर बंद, चूल गार, म्हणून आटलं नाही म्हणा. पण सोमवारी दुपारी निघेपर्यंत चूल तर धगधगत होती. आणि पहाटे साडेतीनपासूनही. थेंब कमी नव्हता.

मावरानं पेल्याला हात लावला नाही. धिरड्यांचं फडकं तिनं छातीशी धरलं होतं. तिनं पाण्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"सावेली," ती म्हणाली, "काल तू गाडीचं मागचं दार धरून उभा होतास, तेव्हा मी खिडकीत होते. मला वाटलं, सवय आहे, जाऊ दे. आता सांग मला. नेताना तिला दार उघडून दिलंस. मग येताना का नाही दिलंस?"